आधी स्टेज, मग कॅसेट!

रेडिओ नाही, म्युझिक चॅनल नाही, मागे पैसेवाला कुणी नाही... तरीही 'इंडियन ओशन' हा दिल्लीचा बँड नव्वदच्या दशकात शो करत करत मोठा झाला. कसा? घरातल्या गिटारवरची धूळ झटकायला लावणारी ही गोष्ट.

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट्स, क्लायंटचे फोन आणि डेडलाइन. शनिवारी मात्र हाच माणूस तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये घामाघूम झालेला दिसतो. बँडचं नाव ठरलेलं असतं, टी-शर्टचं डिझाइनसुद्धा पक्कं असतं. गाडी अडते ती एकाच प्रश्नावर... आपल्याला ऐकणार कोण?

आजच्या जमान्यात याचं उत्तर चुटकीसरशी मिळतं. मोबाइल काढा, तीस सेकंदांचा व्हिडिओ टाका, बघा किती लाइक्स येतात! पण लाइक करणारे किती जण तुमच्यासाठी शनिवारी संध्याकाळी ट्रॅफिकमधून वाट काढत येतील, तिकीट काढतील आणि दोन तास उभे राहतील? बँडची पत ठरते ती तिथे. आणि ही पत कशी कमवायची, याचा भारतातला सगळ्यात भारी धडा शोधायचा तर इंटरनेटच्या आधीच्या काळात जावं लागतं. दिल्लीत. १९९० मध्ये.

चार डोकी, चार दिशा

सुश्मित सेन गिटार वाजवायचा, असीम चक्रवर्ती तबला. दोघांची गाठ पडली १९८४ मध्ये. पुढे सहा वर्षांनी, १९९० मध्ये, बँड उभा राहिला आणि त्याला 'इंडियन ओशन' हे नाव सुचवलं सुश्मितच्या वडिलांनी. १९९१ मध्ये बेस गिटार घेऊन आला राहुल राम. १९९४ मध्ये ड्रम्सवर बसला विशीतला अमित किलम. पुढे पंधरा वर्षं लोकांनी ज्याला 'इंडियन ओशन' म्हणून डोक्यावर घेतलं, तो हाच चौघांचा संच.

आता यांचे बायोडेटा बघा. असीमने तिशी ओलांडलेली. राहुलकडे आयआयटी कानपूरची पदवी आणि त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पर्यावरणीय विषशास्त्रातली पीएचडी. अशी डिग्री हातात असलेला माणूस काय करतो? तिकडेच सेटल होतो, नाहीतर इथे येऊन मोठ्या पगाराची नोकरी धरतो. हा गडी परत आला आणि थेट नर्मदेच्या खोऱ्यात, नर्मदा बचाओ आंदोलनात जाऊन काम करू लागला. आई-वडिलांच्या भाषेत सांगायचं तर, 'एवढं शिकून हे?'

थोडक्यात काय, हा काही कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जमलेल्या पोरांचा टाइमपास बँड नव्हता. ज्यांच्याकडे दुसरे, जास्त भरवशाचे रस्ते होते, अशा माणसांनी विचारपूर्वक लावलेला हा जुगार होता. आणि सुरुवातीची बरीच वर्षं या जुगारात हाताला फारसं काही लागत नव्हतं.

ना रॉक, ना पॉप!

त्या काळातला सीन कसा होता, हे लक्षात घ्यायला हवं. भारतात रॉक बँड म्हणजे इंग्रजी गाणी. त्यातही डीप पर्पल, लेड झेपलिन, आयर्न मेडन यांची गाणी हुबेहूब वाजवता आली, की तुम्ही हिट! कॉलेज फेस्टिव्हलच्या स्पर्धांमध्ये टाळ्या मिळायच्या त्या ओळखीच्या गिटार सोलोला. मुंबईचा 'रॉक मशीन' स्वतःची गाणी घेऊन पुढे आला होता, १९८८ मध्ये त्यांचा अल्बमही निघाला. आपल्या मातीतलं नाव हवं म्हणून पुढे १९९३ मध्ये ते 'इंडस क्रीड' झाले. महेश तिनईकरची गिटार, उदय बेनेगलचा आवाज आणि धोबीतलावच्या रंगभवनात जमलेली पब्लिक... तो माहोल ज्यांनी अनुभवला, ते आजही त्याबद्दल तासभर बोलू शकतात. १९८६ पासूनच्या 'इंडिपेंडन्स रॉक'ने तर अनेक बँड्सना पहिल्यांदा मोठा जमाव दाखवला.

पण हे सगळं इंग्रजीत. दुसऱ्या बाजूला हिंदीत उगवला इंडिपॉप. १९९५ मध्ये 'मेड इन इंडिया' घेऊन आली अलिशा चिनॉय, १९९६ मध्ये लकी अली आला. इथे सगळा खेळ व्हिडिओचा! गाणं चार मिनिटांचं, चेहरा फोटोजेनिक आणि म्युझिक चॅनलवर दिवसातून दहा वेळा रिपीट.

'इंडियन ओशन' या दोन्ही खणांत बसत नव्हता. गाणी स्वतःची, त्यामुळे कव्हर्सच्या स्पर्धेतून बाद. तबला आणि ड्रम्स एकत्र, त्यामुळे रॉकवाले म्हणणार हे फ्यूजन आणि शास्त्रीयवाले म्हणणार हा गोंगाट. एकेक गाणं सात-आठ मिनिटांचं, काहींमध्ये तर शब्दच नाहीत. लीड सिंगर म्हणावा, तर तो स्टेजवर मांडी घालून तबला वाजवतोय! अशा बँडचा व्हिडिओ कोण काढणार?

नाही म्हणायला १९९३ मध्ये एचएमव्हीने त्यांचा पहिला अल्बम काढला. पण त्याने दिवस पालटले नाहीत. पुढची रेकॉर्ड बाजारात यायला तब्बल चार वर्षं गेली. या चार वर्षांत बँडने काय केलं? जिथे बोलावलं तिथे जाऊन वाजवलं.

मंडी हाउसची ती रात्र

आणि मग आलं १९९७. दिल्लीत मंडी हाउसच्या परिसरात 'सहमत' या संस्थेचा कार्यक्रम होता. सफदर हाश्मी यांच्या स्मृतीसाठी. पथनाट्य करणाऱ्या या कलावंतावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादजवळ, नाटक चालू असतानाच जीवघेणा हल्ला झाला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं. तेव्हापासून नव्या वर्षाच्या सुरुवातीला कलावंत त्यांच्या आठवणीत जमतात. नाटक, कविता, गाणी असं सगळं रंगतं.

त्या वर्षी 'इंडियन ओशन'ही तिथे वाजवायला होता. जमलेले लोक काही त्यांच्यासाठीच आलेले नव्हते. कुणी नाटकवाले, कुणी विद्यार्थी, कुणी चळवळीतले. दिल्लीची जानेवारीतली थंडी वेगळीच. अशा गर्दीसमोर बँड वाजला आणि ते वाजणं रेकॉर्ड झालं. त्याच रेकॉर्डिंगचा अल्बम झाला... 'डेझर्ट रेन'.

यातली गंमत बघा. एरवी क्रम काय असतो? आधी स्टुडिओ, मग कॅसेट, मग कॅसेट खपावी म्हणून शो. इथे अख्खा क्रम उलटा! आधी शो आणि त्या शोचीच कॅसेट. भारतीय बँड्सच्या अगदी सुरुवातीच्या लाइव्ह अल्बम्सपैकी हा एक.

हे जमू शकलं, कारण बँडची स्टेजवर पकड बसलेली होती. स्टुडिओत चूक झाली की 'अजून एक टेक' म्हणता येतं. रस्त्यावरच्या कार्यक्रमात एकच टेक! तुम्ही वर्षानुवर्षं लोकांसमोर वाजवलेलं असेल, तरच त्या एका टेकचा अल्बम होऊ शकतो. म्हणजे मधल्या चार वर्षांत कॅसेट नव्हती, तरी बँड रिकामा बसला नव्हता. त्याची तालीम चालू होती, पब्लिकसमोर.

तबला, ड्रम्स आणि साउंडवाल्याचं बीपी

'लाइव्ह' म्हणायला सोपं आहे बॉस! पण या बँडचा साउंड स्टेजवर उभा करणं म्हणजे काय दिव्य असेल, याचा जरा विचार करा.

ड्रम्स हे मुळातच दणदणीत वाद्य. तबल्याची सगळी नजाकत बोटांत, त्यामुळे त्याला माइक जवळ लावावा लागतो. त्याच माइकमध्ये शेजारच्या ड्रम्सचा आवाज शिरतो. तबल्याचा व्हॉल्यूम वाढवावा, तर ड्रम्सही वाढतात आणि आणखी वाढवला तर स्पीकर शिट्टी मारायला लागतो. त्यात तबला स्वरात लावलेला. स्टेजच्या लाइट्सच्या उष्णतेने, हवेतल्या दमटपणाने तो उतरतो किंवा चढतो. मग दोन गाण्यांच्या मध्ये हातोडी घेऊन ठाकठूक आलीच. तेवढा वेळ पब्लिकला कुणी सांभाळायचं?

इथे कामाला येतो बोलणारा माणूस. मोकळे लांब केस, हातात बेस आणि मिस्कील बोलणं... राहुल रामच्या स्टेजवरच्या गप्पा हा 'इंडियन ओशन'च्या शोचा हक्काचा भाग झाला. गाणं कुठून आलं, कुणाचं आहे, हे तो सांगतो. ज्यांनी गाणं आधी कधीच ऐकलेलं नाही, त्यांना मग ते परकं वाटत नाही. रेडिओवर गाणं पन्नास वेळा वाजून ओळखीचं होतं. यांच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून दोन वाक्यांत ओळख करून द्यायची कला आली.

आणि गाण्यांची लांबी? रेडिओसाठी ती अडचण होती. स्टेजवर तीच ताकद ठरली. सुश्मितच्या गिटारची एखादी संथ फिरणारी तान, खाली हळूहळू भरत जाणारा बेस, मग तबला, मग ड्रम्स आणि अचानक चौघांचा एकत्र आवाज! तीन मिनिटांच्या गाण्यात हे होत नाही. उभ्या गर्दीला सोबत घेऊन चढायला वेळ लागतो. आपल्याकडच्या भजनी मंडळींना हे शिकवावं लागत नाही. अभंग संथ सुरू होतो आणि शेवटी टाळ-मृदंगाचा गजर टिपेला जातो, तेव्हा देव्हाऱ्यापासून दारापर्यंत सगळे डोलत असतात. सेम फंडा!

नर्मदेकाठचं गाणं

२००० मध्ये टाइम्स म्युझिकने 'कंदीसा' काढला आणि मग मात्र देशभर बोलबाला झाला. सात गाणी आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही! शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या परंपरेतली प्राचीन प्रार्थना, भाषा अरामाईक. ऐकणाऱ्या लाखात एखाद्यालाही शब्द कळले नसतील, पण कॉलेजच्या मैदानांवर पोरं ते कोरसमध्ये गाऊ लागली. 'हिल्ले ले' हे कवी गोरख पांडे यांचं. आणि 'मां रेवा' थेट नर्मदेच्या खोऱ्यातून आलेलं. रेवा म्हणजे नर्मदाच.

या शेवटच्या गाण्याचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. सरदार सरोवरच्या पाण्याखाली गेलेल्या गावांमध्ये मध्य प्रदेश आणि गुजरातबरोबर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा-अक्राणीकडची गावंही आहेत. मणिबेलीचं नाव नव्वदच्या दशकात रोज पेपरात असायचं. राहुल राम या खोऱ्यात राहिला, तिथल्या लोकांबरोबर गायला. तिथली गाणी त्याच्याबरोबर दिल्लीला आली आणि तिथून देशभरच्या स्टेजवर. २००३ च्या 'झीनी' अल्बममधलं 'चीतू' हे गाणंही तसंच, इंग्रजांच्या काळात बंड करणाऱ्या एका आदिवासी वीराचं.

म्हणजे 'करिअरमधला गॅप' म्हणून एखाद्या एचआरने भुवया उंचावल्या असत्या, ती वर्षं बँडसाठी कच्चा माल ठरली. एमबीएच्या पुस्तकात हे सापडणार नाही!

यानंतरचा टप्पा मुंबईचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरच्या हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपने 'ब्लॅक फ्रायडे' केला. खटल्याचा निकाल लागायचा होता म्हणून सिनेमा कोर्टात अडकला आणि थेट फेब्रुवारी २००७ मध्ये थिएटरला लागला. सिनेमा अडकला, पण पीयूष मिश्रांनी लिहिलेलं 'बंदे' काही अडकलं नाही. ते शोमध्ये वाजत राहिलं आणि बँडच्या प्रत्येक कार्यक्रमात पब्लिक हक्काने मागू लागली. पुन्हा तेच. पडद्याच्या आधी स्टेज!

आवाज गेला, आता काय?

२५ डिसेंबर २००९. असीम चक्रवर्ती गेला. हृदयविकार, वय अवघं बावन्न.

ज्याचा आवाज म्हणजे बँडची ओळख, तोच गेला. असे कितीतरी बँड इथे संपतात आणि त्यात काही चूकही नाही. स्टुडिओवाल्या बँडला निदान जुन्या रेकॉर्ड्स विकता येतात. जो बँड लोकांसमोर वाजवूनच जगतो, त्याचं काय? उद्याच्या शोला त्या जागेवर कुणीतरी बसायला हवं. आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या कानात जुना आवाज घोळत असणार.

त्यांनी असीमची कॉपी शोधली नाही. गाणं हिमांशू जोशीकडे गेलं, तबला तुहिन चक्रवर्तीकडे. एका माणसाचं काम दोघांत वाटलं गेलं, यावरूनच असीम एकटा काय करत होता ते कळतं! दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात बँडची वर्षानुवर्षं तालीम चालायची, त्याचा पत्ताच २०१० च्या अल्बमचं नाव झाला, '१६/३३० खजूर रोड'. त्यात असीमने आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज आहे. ही गाणी बँडने महिन्याला एक याप्रमाणे चक्क फुकट डाउनलोडला ठेवली. वेडेपणा? अजिबात नाही. पोटापाण्याचा खरा आधार शो असेल, तर गाणं ही शोची आमंत्रणपत्रिका. ती कुणी विकत देतं का?

याच वर्षी जयदीप वर्माचा 'लीव्हिंग होम' हा बँडवरचा माहितीपट थिएटरमध्ये रिलीज झाला. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला आणि गिटार निखिल रावकडे आली. म्हणजे ज्या दोघांनी सुरुवात केली, ते दोघंही आता नाहीत. तरी २०१५ मध्ये 'मसान'चं संगीत आलं, त्यातलं एक गाणं आपल्या स्वानंद किरकिरेच्या आवाजात आहे. २०२३ मध्ये 'तू है' हा अल्बम आला.

जुने फॅन्स कुरकुरतात. 'तो साउंड आता नाही' म्हणतात आणि ते खरंही आहे. सुश्मितच्या बोटांतली ती लय दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. पण 'मां रेवा' सुरू झालं की जुने-नवे सगळेच गायला लागतात. वीस वर्षांचं पोरगं, ज्याने असीमला कधी पाहिलंही नाही, त्याला सगळे शब्द पाठ असतात. स्टेजवर कमावलेली पत ही अशी असते. ती माणसांनी मिळवली, पण राहते ती गाण्यांत आणि गाणाऱ्या गर्दीत.

स्टेज आहे कुठे?

आता थोडी कडू गोळी. बँड घडायला गर्दी लागते आणि गर्दीला जागा. मुंबईचं रंगभवन २००० नंतरच्या काही वर्षांतच शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रॉकला मुकलं. लोअर परळचा 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये सुरू झाला, स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना त्याने हक्काचं व्यासपीठ दिलं आणि २०१६ मध्ये तोही बंद झाला. पुण्यात २०१० मध्ये 'एनएच७ वीकेंडर' सुरू झाला आणि फेस्टिव्हलची नवी लाट आली. पण फेस्टिव्हल वर्षातून एकदा. बँड घडतो तो आडवारी, चाळीस लोकांच्या समोर, ज्यातले पंधरा जण बारकडे तोंड करून बसलेले असतात. त्या पंधरा जणांनी मान वळवली, की समजायचं गाणं जमलं!

'इंडियन ओशन'ला पहिल्या अल्बमपासून 'कंदीसा'पर्यंत पोहोचायला सात वर्षं लागली. आज कुणाला एवढा धीर आहे? बँडला नसेलही. पण प्रश्न फक्त बँडचा नाही, आपलाही आहे. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नला खिसा मोकळा करणारे आपण, नव्या बँडच्या तिकिटाला मात्र 'गेस्ट लिस्टवर नाव टाक ना यार' म्हणतो. तेव्हा येत्या शनिवारी एवढं करा. ज्याचं नावही ऐकलेलं नाही, अशा एखाद्या बँडचा शो शोधा. पैसे देऊन तिकीट काढा, पुढे उभे राहा आणि मोबाइल खिशातच ठेवा.

तुमचाही बँड आहे? मग हे वाचाच!

• पहिल्या शोला तीस-चाळीस मिनिटांचा सेट पुरे. पब्लिकला 'अजून हवं होतं' वाटलं पाहिजे, 'संपलं एकदाचं' नव्हे.

• साउंडवाल्याला आधीच कागद द्या. कोण कुठे उभं राहणार, किती माइक, किती लाइन लागणार... त्याच्याशी गोड बोला. तुमचा शो त्याच्या बोटांत असतो.

• जादा तारा, जादा केबल, जादा बॅटरी. ऐन वेळी दगा देणारी वस्तू नेमकी तीच असते, जिची दुसरी तुमच्याकडे नसते.

• प्रत्येक शो मिक्सरवरून रेकॉर्ड करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. कितीही लाज वाटली तरी!

• मोकळ्या जागेत लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा असते. तुमचं सगळ्यात भारी गाणं शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवू नका, आयत्या वेळी तेच कापलं जाईल.

• मानधनाचं बोलणं शोच्या आधी आणि लेखी. मैत्री नंतर.

कुठून सुरुवात कराल?

• 'डेझर्ट रेन' (१९९७) : स्टेजवरचा कच्चा, जिवंत साउंड. हेडफोन लावून, लाइट बंद करून.

• 'कंदीसा' (२०००) : एकच अल्बम ऐकणार असाल तर हा. लाँग ड्राइव्हला बेस्ट!

• 'झीनी' (२००३) : 'चीतू' ऐका, आवाज वाढवून.

• '१६/३३० खजूर रोड' (२०१०) : असीमचा निरोप. शांतपणे.